खात्रीचं अंतर : पहिली रायफल आणि तिच्यावरचा स्कोप

लँकेस्टर हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला शेतीवाडीचा मुलूख. अठराव्या शतकात जर्मन बोलणारे कारागीर इथे येऊन वसले आणि बंदूक घडवण्याची कला सोबत घेऊन आले. त्यांच्या मूळ मुलखातली शिकारी रायफल आखूड नळीची आणि मोठ्या तोंडाची होती. इथलं गिऱ्हाईक वेगळं होतं. जंगलात दूरवर राहणाऱ्या माणसाला शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. दोन्ही महाग, आणि संपली तर जवळपास मिळायची नाहीत. मग कारागिरांनी नळी लांब केली आणि तिचं भोक लहान केलं. तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या पडू लागल्या. ती सडपातळ 'लाँग रायफल' आज संग्रहालयात काचेमागे दिसते, पण जन्माने ती काटकसरीची रायफल आहे.

त्या कारागिरांनी शिशात काटकसर केली, दारूत केली, नळीच्या आतल्या मळसूत्री खाचांत मात्र केली नाही. गोळीला स्वतःभोवती फिरवून सरळ मार्गावर ठेवणाऱ्या या खाचा म्हणजे रायफलचा प्राण. तिचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. बेताच्या पैशांत पहिली शिकारी रायफल घेणाऱ्यापुढे आजही हाच प्रश्न असतो: हात कुठे आखडता घ्यायचा आणि कुठे मुळीच घ्यायचा नाही?

या प्रकरणात आपण पेनसिल्व्हेनियातच राहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे इथली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ साली राज्याने गेम कमिशन स्थापन केलं. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा तोवर नाहीसे झाले होते, त्यामुळे हरणं वाढली आणि पुढे इतकी वाढली की जंगलातली कोवळी रोपं झाड होईपर्यंत टिकेनात. आता दर नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, रायफलने हरीण मारण्याचा हंगाम उघडतो. पिढ्यान् पिढ्या तो सणानंतरच्या सोमवारी उघडत असे आणि खेडोपाडीच्या शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो.

बंदुकीच्या दुकानात दिलेल्या पैशाचा एक वाटा त्या जंगलाकडे परत जातो, हेही आधीच सांगायला हवं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसं यांच्यावर उत्पादकाकडून ११ टक्के कर घेतला जातो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचं दार बंद केलं, आणि इथल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच झालं. म्हणून हे प्रकरण वाचून महाराष्ट्रात कुणी रानात बंदूक घेऊन जाण्याचा विचारही करू नये. पण पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, हॅरिसबर्ग इथे घरं केलेल्या मराठी माणसाला शेजारी हंगामाचं आमंत्रण देतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो. आणि ज्याला शिकार करायचीच नाही, त्यालाही या निवडीत भौतिकशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि नीती एकत्र आलेली दिसतील.

आधी कागद, मग बंदूक

क्रम चुकला तर पुढचं सगळं चुकतं. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यानंतर मिळणारा राज्यातल्या प्रौढ रहिवाशाचा साधा परवाना सुमारे २१ डॉलरचा आहे, आणि एक शिंगवाला नर मारण्याची परवानगी त्यातच येते.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळातच मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्या मनाईचा एक मुख्य अपवाद आहे. म्हणजे शिक्षण आणि परवाना आधी, दुकानाची पायरी नंतर. मित्राची रायफल सरावासाठी हातात घेणं हेसुद्धा कायद्याच्या नजरेत 'बाळगणं' ठरू शकतं. ग्रीन कार्ड असलेल्याला ही अडचण नाही. तरीही आपल्या बाबतीत शंका असेल तर वकिलाला विचारावं, दुकानदाराला नव्हे.

कुठली रायफल चालेल हेही राज्यच ठरवतं. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस हातानेच चढवावं लागतं. शेजारच्या ओहायोत नियम वेगळे आहेत. तिथे सरळ भिंतीच्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांनाच मुभा आहे, कारण सपाट शेतजमिनीवर चुकलेली गोळी फार दूर जाते. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला, तो कितीही अनुभवी असला, तरी आपल्या राज्याच्या नियमपुस्तिकेशी ताडूनच घ्यावा.

कागदाच्या ताटलीचा धडा

दुकानात पहिला प्रश्न बहुतेक जण एकच विचारतात: "ही किती लांब मारते?" प्रश्नच चुकीचा आहे. हरणासाठी वापरली जाणारी कुठलीही रायफल हजार यार्डांपलीकडे गोळी फेकते. खरा प्रश्न असा, की मी या रायफलने किती अंतरावर, दर वेळी, खात्रीने नेम साधू शकतो?

हरणाच्या पुढच्या पायामागे, छातीच्या पिंजऱ्यात, हृदय आणि फुप्फुसं असतात. आडवं उभं राहिलेल्या हरणाच्या अंगावर ही जागा साधारण आठ इंच व्यासाची भरते. गोळी तिथे लागली तर ते काही सेकंदांत कोसळतं. चार बोटं मागे, पोटात लागली तर ते जखमी होऊन पळतं, झुडपात जाऊन बसतं आणि तासन् तास तडफडून मरतं. पुष्कळदा ते सापडतही नाही. त्या दोन मरणांमधला फरक रायफलच्या किमतीवर ठरत नाही, त्या आठ इंचांवर ठरतो.

म्हणून जुने शिकारी नवशिक्याला कागदाच्या जेवणाच्या ताटल्या विकत आणायला लावतात. ताटली जवळपास तेवढीच असते. पन्नास यार्डांवर ती टांगायची आणि टेबलाचा आधार न घेता, बसून, गुडघ्यावर किंवा उभ्याने पाच बार काढायचे. पाचही ताटलीत पडले तर पंचाहत्तर यार्डांवर, मग शंभरावर. ज्या अंतरावर एक जरी गोळी ताटलीबाहेर गेली, ते अंतर आपलं नव्हे. त्याच्या अलीकडचं, ते आपलं खात्रीचं अंतर. या प्रकरणातला प्रत्येक डॉलर याच मापाने मोजायचा आहे: त्याने माझं खात्रीचं अंतर वाढतं का?

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ जंगलात झाडी दाट असते आणि पुष्कळशी हरणं शंभर यार्डांच्या आतच दिसतात. नवशिक्याला गाठायचं अंतर तेवढंच आहे, आणि बेताच्या पैशांत ते सहज गाठता येतं.

काडतूस : खांद्याला सोसेल आणि गावात मिळेल

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली 'थ्री-नॉट-थ्री' सगळ्यांना माहीत आहे. हे नाव म्हणजे इंचात सांगितलेलं माप. अमेरिकी काडतुसांची बरीच नावंही अशीच पडली आहेत. '.३०८ विंचेस्टर' या काडतुसातल्या गोळीचा व्यास ०.३०८ इंच. ते १९५२ साली बाजारात आलं. 'थर्टी-ऑट-सिक्स'मधला सहा म्हणजे १९०६ हे साल, अमेरिकी सैन्याने ते काडतूस स्वीकारलं तेव्हाचं. '.२४३ विंचेस्टर' १९५५ चं, आणि '६.५ क्रीडमोर' २००७ चं. शेवटचं नाव न्यूयॉर्कजवळच्या एका जुन्या नेमबाजी मैदानावरून आलं.

या चारांपैकी कुठल्याही काडतुसाने हरीण स्वच्छ मरतं. .३०८ ची १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपासची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने सुटते. शंभर यार्डांवर हरणासाठी लागते त्याहून कितीतरी जास्त ताकद तिच्यात उरलेली असते. त्यामुळे ताकद हा निवडीचा मुद्दाच उरत नाही. मुद्दे दोनच राहतात.

पहिला, खांद्याला बसणारा धक्का. .२४३ चा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्म्याच्या आसपास असतो. क्रीडमोर आणि .३०८ या दोघांच्या मध्ये येतात. धक्क्याची भीती शरीराच्या लक्षात राहते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, आणि बार सुटण्याआधीच नेम हललेला असतो. एकदा ही सवय लागली की मोडायला महिने जातात. 'मॅग्नम' नावाच्या भारी काडतुसांची रायफल पहिलीच म्हणून घेतली, की नवशिक्याची नेमकी हीच गत होते.

दुसरा मुद्दा, काडतूस गावात मिळणं. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं, ते काडतूस चांगलं. वीस काडतुसांची साधी पेटी पंचवीस ते चाळीस डॉलरला पडते. दुर्मीळ काडतुसाची किंमत याहून बरीच जास्त असते, आणि महाग काडतूस म्हणजे कमी सराव.

इथे जिम कॉर्बेटची आठवण अपरिहार्य आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिचं काडतूस म्हणजे मूळचं सात मिलिमीटरचं माउझर, धक्क्याला सौम्य. पुढे दुसऱ्या एका, चौगढच्या, वाघिणीशी अचानक समोरासमोर गाठ पडली, तेव्हा कॉर्बेटच्या एका हातात पक्ष्याची अंडी होती. दुसऱ्या हातातली ही हलकी रायफल त्यांनी एकट्या हाताने हळूहळू वळवली आणि बार काढला. वाघासाठी जड दुनळी रायफलही त्यांच्याकडे होती. पण त्या क्षणी कामाला आली ती अंगवळणी पडलेली, हाताला हलकी लागणारी रायफल.

माझा कौल साधा आहे. अंगाने लहान असलेल्या, किंवा धक्का नको असलेल्या माणसाने .२४३ किंवा क्रीडमोर घ्यावं. बाकी कुणी .३०८ घेतलं तर पुढची पंचवीस वर्षं पश्चात्ताप होणार नाही.

स्वस्त रायफल चांगली कशी झाली

शिकारी रायफलीत आज सगळ्यात जास्त चालते ती बोल्टची. मूठ वर उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं; पुढे ढकलून खाली दाबायची, नवं काडतूस नळीत बसतं. जर्मनीच्या माउझर बंधूंच्या कारखान्यातून १८९८ साली आलेल्या रचनेचा वारसा यातल्या बहुतेकांत आहे. दोन महायुद्धांनंतर सैन्याने मोडीत काढलेल्या बोल्ट रायफली अमेरिकेत स्वस्तात मिळत, आणि त्यांचे लाकडी दस्ते तासून हजारो घरांतली पहिली शिकारी रायफल तयार झाली.

नवी रायफल स्वस्तात कशी बनवायची, याला एक चांगलं उत्तर १९५८ साली सॅव्हेज कंपनीच्या '११०' या रायफलीने दिलं. बोल्टचं तोंड आणि नळीतली काडतुसाची खोबण यांतलं अंतर अगदी काटेकोर असावं लागतं. ते घासून-घासून जुळवायला कसबी हात आणि वेळ, दोन्ही लागतात. सॅव्हेजच्या रचनेत नळी आट्यांवर फिरवून नेमक्या जागी आणायची आणि एका मोठ्या नटाने आवळून टाकायची. कारागिराचे तास वाचले, अचूकपणा कमी झाला नाही. पुढे संगणकाने चालणारी यंत्रं आली, नळ्या थंड अवस्थेतच घणाने ठोकून घडवल्या जाऊ लागल्या, आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाऐवजी प्लास्टिकचा झाला.

प्लास्टिकला नाक मुरडू नये. लाकूड ओल पिऊन फुगतं, वाकतं, आणि नळीला टेकलं की नेम सरकतो. प्लास्टिकला पावसाचं भय नाही. मात्र फार स्वस्त दस्ता लवचीक असतो, आणि हाताच्या दाबाने तो नळीला चिकटू शकतो. दुकानातच एक परीक्षा करता येते. डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून मागेपर्यंत सरकवायची. ती विनाअडथळा गेली तर नळी मोकळी आहे. मग दस्त्याचं टोक हाताने दाबून पुन्हा बघायचं.

सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट ही आजच्या बेताच्या किमतीतली प्रसिद्ध नावं. चारशे ते सहाशे डॉलरांत यातली रायफल मिळते, आणि चांगलं काडतूस वापरलं तर शंभर यार्डांवर तिच्या तीन गोळ्या सव्वा-दीड इंचात पडतात. ताटली आठ इंचांची आहे. म्हणजे सगळ्यात स्वस्त रायफलसुद्धा नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक असते. कंपनीने पैसे वाचवले ते चकाकीत, मॅगझिनच्या प्लास्टिकमध्ये, बोल्टच्या थोड्या खडबडीत चालीत. लँकेस्टरच्या कारागिरांसारखेच त्यांनीही खाचांना हात लावला नाही.

जुनी रायफल घ्यायची तर स्क्रूंची तोंडं बघा. ती चेपलेली असतील तर आधीच्या मालकाने ती वारंवार खोलली आहे. नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का, आत गंज आहे का, ते उजेडात पाहा. आणि पहिला बार काढण्याआधी जाणकार गनस्मिथकडून ती तपासून घ्या.

यापेक्षाही मोठी परीक्षा अंगाला बसण्याची. हंगामात घालायचा जाड कोट घालूनच दुकानात जा. दुकानदाराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, स्वतःही बोल्ट उघडून बघा, आणि नळी सुरक्षित दिशेला असू द्या. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. स्कोपमधून, म्हणजे नळीवरच्या दुर्बिणीतून, पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. मान ताणावी लागली, किंवा कड काळी दिसली, तर दुसरी रायफल मागा. डावखुऱ्याने डाव्या हाताच्या बोल्टची चौकशी करावी. अशी मॉडेल्स बऱ्याच कंपन्या बनवतात.

स्कोप : आकडे काय सांगतात

नळीवर बसवायच्या दुर्बिणीवर '३-९ x ४०' असे आकडे असतात. पहिले दोन म्हणजे चित्र तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं करता येतं. चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एवढ्या आकड्यांवरून स्कोपची निम्मी परीक्षा करता येते.

भिंगाचा व्यास पटीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. नऊपट मोठेपणाला चाळीस भागिले नऊ, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आत. सहापटीला पावणेसात. अंधुक उजेडात माणसाची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, वय वाढतं तशी थोडी कमी. हरणं नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात. त्या वेळी नऊपटीवर चित्र काळवंडलेलं दिसतं, आणि पट सहावर आणली की तेच चित्र उजळतं. यासाठी महाग स्कोप लागत नाही, एक कडं फिरवावं लागतं. पन्नास मिलिमीटरचं मोठं भिंग घेतलं तर वजन वाढतं, स्कोप उंच बसवावा लागतो, आणि गाल दस्त्यावरून सुटतो.

दाट जंगलात फिरताना पट तीनवरच ठेवावी. तिपटीवर शंभर यार्डांवरची साधारण दहा मीटर रुंद पट्टी दिसते, नऊपटीवर त्याच्या निम्मीही दिसत नाही. झाडांच्या गर्दीत हरीण शोधण्यातच ते निसटून जातं.

तिसरी गोष्ट धुक्याची. ओरेगॉन राज्यातली लिओपोल्ड कंपनी मूळची जमीनमोजणीची आणि पाण्याची पातळी नोंदवण्याची उपकरणं बनवणारी. तिच्या मालकांपैकी एकाची हरणावरची संधी स्कोप आतून धुकटल्यामुळे गेली, अशी हकिकत कंपनी सांगत आली आहे. १९४७ साली त्यांनी स्वतःचा स्कोप काढला. नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याची त्यांची पद्धत पुढे सगळ्या धंद्याने उचलली. आज दीडशे-दोनशे डॉलरच्या स्कोपमध्येही हे मिळतं, आणि ते असलंच पाहिजे. पेनसिल्व्हेनियात रात्रभर गारठलेली रायफल उबदार खोलीत आणली की भिंगावर दव धरतं. बाहेरून ते पुसता येतं, आतून नाही.

चौथी गोष्ट डोळा आणि स्कोप यांतलं अंतर. साधारण नऊ सेंटिमीटर तरी हवं. त्याहून कमी असेल तर धक्क्याने स्कोपची कड भुवईला लागते.

अंधारात उजळणारे ठिपके, अंतर मोजणाऱ्या रेघांची जाळी, पंचवीसपट मोठेपणा, यांपैकी कशानेही शंभर यार्डांवरचं आपलं खात्रीचं अंतर वाढत नाही. चारशे डॉलरच्या रायफलीवर हजार डॉलरचा स्कोप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण उलट बाजूने, चाळीस डॉलरचा स्कोपही घेऊ नये. धक्क्यागणिक त्याच्या आतली नेम धरायची फुली सरकते, आणि दोष आपला की रायफलीचा हे कळायलाही मार्ग राहत नाही. स्कोप धरणाऱ्या कड्यांवर आणि पट्टीवरही पन्नासेक डॉलर जाऊ द्यावेत. सैल स्क्रूमुळे जेवढे नेम चुकतात, तेवढे वाईट भिंगामुळे चुकत नाहीत.

हजार डॉलरचा हिशेब

भाव बदलत राहतात, पण प्रमाण ध्यानात ठेवावं. रायफल साडेचारशे. स्कोप दोनशे. कडी आणि पट्टी पन्नास. कान आणि डोळे सांभाळायची साधनं पन्नास. रायफलीचा आवाज एकशे साठ डेसिबलच्या घरात असतो, आणि उघड्या कानाने ऐकलेला एक बारही कायमचं नुकसान करू शकतो. केशरी टोपी आणि जाकीट तीस. पेनसिल्व्हेनियात या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच झगझगीत केशरी रंग अंगावर असणं सक्तीचं आहे. परवाना एकवीस. उरले दोनशेच्या आसपास, आणि ते सगळे काडतुसांसाठी.

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. हजारचे हजार रायफल आणि स्कोपवर घालतात, वीस काडतुसांची एक पेटी घेतात, दहा बारांत नेम जुळवतात आणि दहा घेऊन जंगलात जातात. त्यापेक्षा शंभर डॉलरने स्वस्त रायफल घेऊन तीन पेट्या जास्त उडवणारा माणूस हरणाच्या बाजूने जास्त विचार करतो.

सरावाचा स्वस्त मार्गही आहे. पॉइंट टू-टू नावाचं छोटं काडतूस थोड्या सेंटमध्ये पडतं, आणि त्याला धक्का जवळजवळ नसतो. हरणावर ते चालवायला बंदी आहे, पण श्वास अर्धा सोडून थांबणं आणि चाप झटका न देता दाबत जाणं शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच कॅलिबरच्या रायफलीने. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने, या त्याच्या तीन बैठका शिकाऱ्यालाही जंगलात लागतात. खोलीत रिकाम्या रायफलीवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, रोज दहा मिनिटं चाप दाबण्याचा सराव तर फुकट आहे.

कुलपाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो: घरात लहान मूल असो वा नसो, रायफल एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. या नियमाला एकाही दिवसाची सूट नाही.

नेम जुळवणं

नवी रायफल आणि नवा स्कोप एकमेकांना ओळखत नाहीत. स्कोपची फुली जिथे असेल तिथेच गोळी जावी, यासाठी त्यांची जुळणी करावी लागते. सुरुवात पंचवीस यार्डांवर करावी. पहिलाच बार शंभरावर काढला, तर कागदावर छिद्र सापडतच नाही आणि काडतुसं वाया जातात.

स्कोपच्या डोक्यावरच्या आणि बाजूच्या चकत्या टिकटिक करत फिरतात. बहुतेक अमेरिकी स्कोपवर प्रत्येक टिक शंभर यार्डांवर गोळी पाव इंच हलवते. पंचवीस यार्डांवर अंतर चौथाई, म्हणून परिणामही चौथाई, इंचाचा सोळावा भाग. गोळी पंचवीस यार्डांवर एक इंच खाली लागली तर सोळा टिका वर. मग शंभर यार्डांवर जायचं. तिथे तीन बार काढायचे आणि तिघांच्या मधला बिंदू धरायचा; एका छिद्रामागे कधी धावू नये. तो बिंदू दोन इंच डावीकडे असेल तर आठ टिका उजवीकडे. मधूनमधून नळी गार होऊ द्यायची. शिकारीत पहिला बार नेहमी गार नळीतूनच निघतो.

शंभर यार्डांवर गोळी फुलीच्या दोन इंच वर पडेल असं ठेवलं, तर .३०८ ची गोळी दोनशे यार्डांच्या आसपास पुन्हा फुलीवर येते. तीनशेला मात्र ती आठ-नऊ इंच खाली पडते, म्हणजे ताटलीबाहेर. आपल्या जंगलात तीनशेचा प्रश्नच येत नाही. पण नंतर कधी मोकळ्या माळावर मोह झाला, तर हा आकडा आठवावा.

एक निवड अजून उरते, गोळीच्या धातूची. शिशाची गोळी अंगात शिरली की तिचे बारीक कण फुटून पसरतात. शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतून ते गरुडांच्या आणि गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात १९८२ साली कॉन्डॉर गिधाडं फक्त २२ उरली होती, आणि त्यांच्या मरणाच्या कारणांत शिसं मोठं होतं. त्या राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी तशी सक्ती नाही, पण तांब्याची गोळी दुकानात मिळते. सराव स्वस्त शिशाच्या गोळीवर करावा. शेवटच्या काही बारांत तांब्याच्या गोळीवर नेम पुन्हा तपासून घ्यावा आणि जंगलात तीच न्यावी. हंगामाला दोन-तीन काडतुसं लागतात. तेवढ्यासाठी ती पेटी महाग वाटू नये.

शनिवारची पहाट

आता तो दिवस. सूर्योदयाआधी अर्धा तास, झाडाला पाठ टेकवून तुम्ही बसला आहात. स्कोप तीनवर. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. पंचाहत्तर यार्डांवर हरीण येतं आणि आडवं उभं राहतं. त्याच्या मागे डोंगराचा उतार आहे, म्हणजे गोळी पार गेली तरी मातीत शिरेल. हे अंतर तुम्ही पन्नास वेळा ताटलीवर साधलेलं आहे. इथे रायफलची किंमत आठवत नाही, सराव हाताला वाट दाखवतो.

दुसरं हरीण दीडशे यार्डांवर, झुडपाआड, अर्धं तिरकं. ताटली तिथे कधी टांगलेली नाही. रायफल तिथवर मारते, स्कोपमधून ते नीट दिसतंही आहे. तुम्ही बोट चापावर नेत नाही आणि ते जंगलात निघून जातं. हजार डॉलरांत घेतलेल्या सगळ्या सामानात इथे कामी आली ती कागदाची ताटली. ते हरीण धडधाकट निघून गेलं, कारण आपलं अंतर कुठे संपतं हे तुम्हाला माहीत होतं.